ग्रनाडाला जाताय? अल्हाम्ब्राचं तिकीट आधी नीट वाचा

दक्षिण स्पेनची छोटी सहल आखणाऱ्या ओळखीच्या माणसांना मी हल्ली पहिलं हेच विचारते, अल्हाम्ब्राचं तिकीट कुठून काढलंत? अल्हाम्ब्रा म्हणजे ग्रनाडातल्या टेकडीवरचं, तिथल्या सुलतानांच्या काळातलं किल्ला आणि राजवाड्यांचं संकुल. विमान, हॉटेल, सेव्हियाची ट्रेन हे सगळं मागाहून ठरवता येतं. फसवणूक तिकिटात होते, आणि इतक्या सफाईने होते की तक्रार करायला गेलं तर ‘पण तिकीट तर खरं आहे!’ असं आपल्यालाच ऐकवतात.

आम्ही जर्मनीत राहतो. आई-बाबा नाशिकहून आले होते, म्हणून ईस्टरच्या सुट्टीत मालागापर्यंत विमान, तिथून बसने ग्रनाडा आणि मग सेव्हिया असा बेत होता. बाबांनी शाळेत जन्मभर इतिहास शिकवला. 1492 साली बोआब्दिल या शेवटच्या सुलतानाने ग्रनाडा इसाबेल आणि फर्नांदो या ख्रिश्चन राणी-राजाच्या हवाली केलं, हे त्यांना तोंडपाठ. त्यांना बघायचा होता तो सिंहांचा चौक, बारा संगमरवरी सिंहांच्या पाठीवर पेललेलं ते कारंजं.

हा चौक नस्री राजवाड्यांच्या (नस्री हे ग्रनाडाच्या सुलतानांचं घराणं) आत आहे आणि सगळी मेख तिथेच आहे. अल्हाम्ब्रा म्हणजे एकच इमारत नव्हे. टेकडीवर अल्कासाबा हा जुना किल्ला आहे, हेनेरालिफेच्या बागा आहेत, पार्ताल हा बागेतला जुना मंडप आहे आणि नस्री राजवाडे आहेत. राजवाड्यांत गर्दी होऊ नये म्हणून ठरावीक वेळेलाच सोडतात, ती वेळ तिकिटावर छापलेली असते आणि चुकली तर आत घेत नाहीत. तिकीट नावावर असतं, दारात पासपोर्ट बघतात. सगळं दाखवणारं साधारण तिकीट वीस-बावीस युरोंना मिळतं. बागा आणि किल्ल्यापुरतं वेगळं तिकीट त्याच्या जवळपास निम्म्या किमतीत. त्यात नस्री राजवाडे नाहीत!

अधिकृत साइटवर आमच्या तारखेची तिकिटं संपली होती. ईस्टरला हे व्हायचंच. गूगलवर शोधलं तर सगळ्यात वर एक साइट, सिंहांच्या चौकाचा भलामोठा फोटो, नावात ‘अल्हाम्ब्रा’ आणि ‘तिकिट्स’ दोन्ही. ‘प्रायोजित’ हा शब्द बारीक करड्या अक्षरांत. ‘संपूर्ण प्रवेश : किल्ला, बागा, राजवाडा’. माणशी 64 युरो. चौघांची पूर्ण नावं आणि पासपोर्ट क्रमांक मागितले, त्यामुळे तर खात्रीच पटली. खऱ्या तिकिटालाही हेच लागतं, आणि ते या लोकांना चांगलंच ठाऊक असतं.

पीडीएफ आली जायच्या आदल्या रात्री, सगळी स्पॅनिशमध्ये. नावं बरोबर, क्यूआर कोड बरोबर. सकाळी पहिल्या दारातून बिनबोभाट आत गेलो. अल्कासाबाच्या बुरुजावरून समोर बर्फाचा सिएरा नेवादा पर्वत, खाली आल्बाइसीन या जुन्या वस्तीची पांढरी घरं. बाबा खुशीत होते.

नस्री राजवाड्यांच्या रांगेत आमची पाळी आली तेव्हा तिथल्या बाईंनी कोड लावला, यंत्रावर लाल चौकोन आला. पुन्हा लावला, पुन्हा लाल. मग त्यांनी फोन माझ्याकडे वळवून बोटाने एक ओळ दाखवली, ‘हार्दिनेस’, म्हणजे बागा. ‘पालासिओस नासरीएस’, म्हणजे नस्री राजवाडे, हे शब्दही नाहीत आणि वेळही छापलेली नाही. त्या बाई अजिबात चकित झाल्या नव्हत्या. रोजचंच असणार. मागे उभ्या असलेल्या एका डच जोडप्याने लगेच आपलं तिकीट उघडून तपासलं.

“अगं, मग आपण पैसे भरलेला राजवाडा कोणता?” बाबांनी विचारलं.

त्याचं उत्तर ईमेलने आलं, तेही सेव्हियाला पोचल्यावर. अतिशय नम्र भाषेत लिहिलं होतं की वर्णनातला ‘राजवाडा’ म्हणजे सम्राट पाचव्या कार्लोसचा राजवाडा, आणि तो पाहायची आपल्याला पूर्ण मुभा होती. हा सोळाव्या शतकातला, बाहेरून चौकोनी आणि आत गोल अंगणाचा राजवाडा खरोखरच तिथे आहे. सुंदरही आहे. फक्त तिथे जायला तिकीटच लागत नाही. रस्त्यावरचा कोणीही माणूस अल्हाम्ब्राच्या ‘न्यायद्वार’ नावाच्या दारातून चालत येऊन तो फुकट बघू शकतो! बारा-तेरा युरोंचं बागांचं तिकीट आणि एक फुकटचा राजवाडा, मिळून 64 युरो.

त्या मानाने कॅथेड्रलपाशी रोजमेरीची काडी हातात कोंबणाऱ्या बायका परवडल्या. आईने ती प्रसादासारखी दोन्ही हातांनी घेतली, मग बाईंनी तिचा हात धरून भविष्य सांगितलं आणि पाच युरो झाले. पण निदान समोरासमोर तरी.

तिकिटं संपलेली दिसली तरी अधिकृत साइट रोज उघडत राहा, रद्द झालेली परत येतात. त्या संस्थेचं नाव ‘पत्रोनातो दे ला अल्हाम्ब्रा इ हेनेरालिफे’, साइटच्या पत्त्यात हा ‘पत्रोनातो’ शब्द आहे ना ते बघा. नस्री राजवाड्यांचं रात्रीचं तिकीट वेगळं असतं, शहराच्या ‘ग्रनाडा कार्ड’मध्येही अल्हाम्ब्रा असते, तीही चाचपून पाहा. गाइडसोबतची सहल महाग पडते, पण ती घेण्यात गैर काही नाही. मात्र पैसे भरण्याआधी ‘पालासिओस नासरीएस’ आणि तिथे आत जायची वेळ लेखी मागा. ‘राजवाडे’, ‘पॅलेस’, ‘संपूर्ण’, ‘व्हीआयपी’ यांतल्या कशाचाही उपयोग नाही. आणि त्या पानाचा स्क्रीनशॉट काढून ठेवा.

बाबांना सेव्हियाचा अल्कासर हा राजवाडा मात्र मनासारखा बघायला मिळाला, अधिकृत साइटवरून काढलेल्या तिकिटावर. तिथला पेद्रो राजाचा महाल बांधायला ग्रनाडाच्या सुलतानाने, पाचव्या मुहम्मदने, आपले कारागीर पाठवले होते. सिंहांचा चौकही त्याच सुलतानाने बांधलेला, हे बाबांनी तिथे आम्हाला दोनदा सांगितलं.

आता पैशांचं. आंदालुसियातल्या, म्हणजे ग्रनाडा आणि सेव्हिया ज्यात येतात त्या प्रांतातल्या, दुकानात-हॉटेलात तक्रारीचा सरकारी फॉर्म, ‘ओहा दे रेक्लामासिओनेस’, मागता येतो आणि त्यांना तो द्यावाच लागतो. पण आमच्या विक्रेत्याचा पत्ता युरोपीय संघाच्या बाहेरचा निघाला. त्यामुळे सीमेपारच्या ग्राहक तक्रारी बघणाऱ्या जर्मनीतल्या केल इथल्या युरोपीय ग्राहक केंद्राचाही मार्ग खुंटला. कार्डाच्या बँकेकडे वाद नोंदवला. बँकेने साइटवरचं मूळ वर्णन मागितलं, तोवर त्या पानावर ‘कार्लोस पाचवा’ हे शब्द आले होते. विक्रेत्याने तेच पान पाठवलं, शिवाय पहिल्या दारात आमचे चारही कोड वाचले गेल्याची नोंद. सेवा पुरवली गेली आहे, असं बँकेचं पत्र आलं. 256 युरो गेले ते गेलेच.