जर्मेनियम फझ पेडल : दिवाळी ते मे, मुक्काम जळगाव

दिवाळीत घेतलेल्या जर्मेनियम फझ पेडलने (गिटारचा आवाज जाड, खरखरीत करणारी पायाने चालवायची डबी, आत जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर) आता जळगावचा मे महिनाही पाहिला. थंडीतच लिहायला बसलो असतो तर डोळे झाकून घ्या म्हणालो असतो.

डिसेंबरातला त्याचा आवाज अजून कानात आहे. माझ्या स्ट्रॅटचा (स्ट्रॅटोकास्टर इलेक्ट्रिक गिटार) व्हॉल्यूम पूर्ण उघडला की जाड, लांबवर टिकणारा सूर. थोडा उतरवला की जवळजवळ क्लीन, खणखणीत. सगळी किमया गिटारच्या नॉबवर, पेडलला पाय लावायचं कामच नाही. फक्त ते थेट गिटारला जोडलेलं हवं. आधी बफरवाला (सिग्नल जोरकस करून पुढे पाठवणारा) ट्यूनर आला की आवाज चिरका होतो.

मार्च लागला आणि सूर तुटायला लागले. मे महिन्यात पारा 45 च्या आसपास, प्रॅक्टिसची खोली पत्र्याची, कूलर नुसता गरम वारा फेकतोय. अशा दुपारी तार छेडली की आधी फर्र होतं आणि सूर मध्येच गळा दाबल्यासारखा बंद. पेडल बिघडलेलं नाही. जर्मेनियम ट्रान्झिस्टरमधून थोडा करंट कायम गळतो; तापमान 10 अंशांनी वाढलं की ही गळती साधारण दुप्पट होते आणि बायस (ट्रान्झिस्टर ज्या विद्युत पातळीवर चालतो ती) जागेवरून सरकतो. माझ्या पेडलला बाहेरून बायसचा नॉब आहे, त्याने बरंच सावरतं. तो नॉब नसलेलं पेडल खान्देशात घेऊच नका.

पिंक फ्लॉइडचा गिटारवादक डेव्हिड गिलमोरचा प्रवास मला यंदा नव्याने कळला. सुरुवातीला जर्मेनियमचं फझ फेस पेडल, मग तेच सिलिकॉन ट्रान्झिस्टरचं, जे उष्णतेने फारसं हलत नाही, सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात बिग मफ, तेही सिलिकॉनचंच फझ. गिटारवादक जिमी हेन्ड्रिक्सही सिलिकॉनकडे वळलाच होता. नव्या टोनची ओढ असणारच, पण मला वाटतं, रोज नव्या गावात वाजवणाऱ्याला कालचाच आवाज आजही हवा असतो. काळी स्ट्रॅट आणि 100 वॉटचा हायवॉट अ‍ॅम्प गिलमोरने वर्षानुवर्षं सोडले नाहीत. बदलत गेलं ते मधलं पेडल.

उन्हाळ्यात लग्नाच्या कार्यक्रमांना मीही बिग मफच नेतो. भर उन्हातला मंडप असला तरी त्याचा आवाज हलत नाही. पण व्हॉल्यूम उतरवल्यावरची ती जादू त्यात नाही, म्हणून जर्मेनियम विकणार नाही. रात्री उशिरा, गार झाल्यावर, गच्चीवर तेच वाजवतो.

घेणार असाल तर पॉझिटिव्ह ग्राउंड (बॅटरीचं धन टोक ग्राउंडला जोडलेलं) आहे का ते विचारा. असेल तर बाकीच्या पेडल्सबरोबर एकाच अडॅप्टरवर लावू नका, शॉर्ट होईल. 9 व्होल्टची साधी बॅटरी उत्तम. वाजवून झालं की इनपुटची केबल काढा, नाहीतर ती रात्रभर उतरत राहते.