आठ महिन्यांनंतर: सीडी लाल-पांढऱ्या पिनांवर, टीव्ही ऑप्टिकलवर

पाडव्याला नवा स्टिरिओ अ‍ॅम्प्लिफायर घरी आणला. मागे लाल-पांढऱ्या पिनांच्या (अ‍ॅनालॉग) चार जोड्या, आणि डिजिटलसाठी एक कोअ‍ॅक्सियल (तांब्याच्या वायरचं) आणि दोन ऑप्टिकल (प्रकाशाच्या वायरची) इनपुट. दुकानदार म्हणाला, "साहेब, सगळं डिजिटलच लावा, आवाज स्वच्छ येतो." आता दिवाळी होऊन गेली. रोज ऐकून माझं मत वेगळं झालंय.

आधी सीडी प्लेअर. तो जुना, पण चांगला आहे. त्याला डिजिटल वायर लावली तर सीडीवरच्या आकड्यांपासून आवाजाचा सिग्नल तयार करण्याचं काम अ‍ॅम्प्लिफायरमधली चिप करते. लाल-पांढरी वायर लावली तर तेच काम प्लेअर स्वतः उरकून तयार सिग्नल पुढे देतो. म्हणजे वायर निवडताना आपण खरं तर हे काम कोणत्या पेटीला द्यायचं ते ठरवत असतो. एवढं कळायला मला महिना लागला.

त्या महिन्यात मला कोअ‍ॅक्सियलच सरस वाटत होतं. मग लक्षात आलं, त्या इनपुटवर आवाज थोडा मोठा येतोय, आणि मोठा आवाज कानाला नेहमी चांगलाच वाटतो. मोबाइलवरच्या मीटरने दोन्ही पातळ्या जुळवल्या, मी पाठ करून बसलो आणि बायकोने इनपुट बदलत ठेवले. सीडी द. वि. पलुस्करांची, १९२१ साली आपल्या नाशकातच जन्मलेला हा गळा. ध्वनिमुद्रण जुनं, मोनो, मागे खरखर. माझे अंदाज जेमतेम निम्मे बरोबर आले. मग स्टुडिओतली नवी, तबला-संतूरची सीडी लावली, तरी तेच.

तरीही सीडी मी लाल-पांढऱ्या पिनांवर ठेवली, त्याचं कारण साधं आहे. माझ्या अ‍ॅम्प्लिफायरला डिजिटल सिग्नल पकडायला क्षणभर लागतो आणि प्ले दाबल्यावर पहिला षड्ज अर्धा कापला जायचा. ते मला सहन होईना.

टीव्हीची गोष्ट उलटी. टीव्ही लाल-पांढऱ्या वायरने जोडला त्या दिवसापासून स्पीकरमधून सतत 'घूं' ऐकू येई. वायर बदलली, महागडी आणली, फरक शून्य. शेवटी एकेक वायर उपसत गेलो. सेट-टॉप बॉक्समधली केबलवाल्याची वायर काढताच घूं बंद! केबलचं अर्थिंग एकीकडे, घराचं दुसरीकडे. दोन्ही ऑडिओ वायरच्या बाहेरच्या तांब्याच्या जाळीतून जोडली गेली की तिच्यातून विजेच्या ५० हर्ट्‌झचा प्रवाह वाहतो आणि तोच स्पीकरमध्ये गुणगुणतो. ऑप्टिकलमध्ये तांबंच नसतं, नुसता लाल प्रकाश जातो, त्यामुळे हा रस्ताच तुटतो. साधी प्लॅस्टिकची ऑप्टिकल वायर लावली आणि खोली शांत झाली. घूं घालवायला प्लगची अर्थिंगची पिन काढा असा सल्ला कुणी दिला तर कृपया ऐकू नका. ती पिन जीव वाचवण्यासाठी असते.

ऑप्टिकल लावल्यावर आवाजच आला नाही, तर घाबरू नका. टोकावरची छोटी टोपी काढलीय का बघा, मग टीव्हीच्या सेटिंगमध्ये डिजिटल आउटपुट 'पीसीएम' (साधा, न आवळलेला डिजिटल आवाज) करा. माझा टीव्ही डॉल्बी पद्धतीने आवळलेला आवाज पाठवत होता आणि स्टिरिओ अ‍ॅम्प्लिफायरला ते उलगडता येत नव्हतं. वायर कपाटामागे काटकोनात दाबू नका. टीव्हीच्या रिमोटने आवाज कमी-जास्त होत नाही, हा त्रास मात्र आहे. आईंना दोन रिमोटची सवय व्हायला बरेच दिवस लागले. रिमोट एकच हवा असेल तर अ‍ॅम्प्लिफायर घेतानाच एचडीएमआय एआरसी (टीव्हीचा आवाज एचडीएमआय वायरने अ‍ॅम्प्लिफायरला देणारी सोय) आहे का बघा. माझ्यात नाही.

कोअ‍ॅक्सियलसाठी वेगळी वायर मी घेतलीच नाही. जुन्या डीव्हीडी प्लेअरची पिवळी व्हिडिओ वायर ७५ ओहमचीच असते, ती उत्तम चालली.

रेकॉर्ड वाजवणारं टर्नटेबल थेट फोनो इनपुटला (त्याच्यासाठीच्या खास पिनांना) आहे. सुईतून जेमतेम पाच मिलिव्होल्ट निघतात, सीडी प्लेअर दोन व्होल्ट देतो. एवढ्या नाजूक सिग्नलसोबत आलेली घूंसुद्धा शेकडो पट वाढते. म्हणून टर्नटेबलची बारीक अर्थिंगची तार मागच्या स्क्रूला घट्ट आवळलीय. ती सैल झाली की पहिल्या मिनिटाला कळतं.

वीज गेल्यावर आमच्या जुन्या स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर अ‍ॅम्प्लिफायर करकर करतो. ती करकर कोणत्याच वायरने गेली नाही. तेव्हा मी सरळ बंद करून ठेवतो.