हार्टची जेनेटिक टेस्ट केली, आकडा मिळाला पण अर्थ कोणी सांगितला नाही

बाबांना ५२व्या वर्षी अटॅक आला तेव्हापासून डोक्यात भुंगा होताच, म्हणून शेवटी घरपोच येणारं लाळेचं किट मागवलं. आधी अर्धा तास पाणीसुद्धा प्यायचं नाही, मग नळीत रेघेपर्यंत लाळ भरायची, वरचा फेस मोजत नाहीत त्यामुळे मला चांगली दहा मिनिटं लागली. कुरिअर, पॅकिंग एकदम मस्त.

रिपोर्टमध्ये पॉलिजेनिक स्कोअर, म्हणजे बऱ्याच जनुकांचा छोटा छोटा परिणाम मिळून काढलेला धोक्याचा आकडा, आला ८२ पर्सेंटाइल. आई घाबरलीच, तिला वाटलं अटॅकचा ८२ टक्के चान्स! तसं नाहीये, १०० जण रांगेत उभे केले तर ८२ जणांचा स्कोअर माझ्यापेक्षा कमी, एवढंच. हे ठळक लिहायला नको का? आणि रांग कोणाची? असे स्कोअर बहुतेक युरोपियन वंशाच्या लोकांच्या डेटावर बनलेत, आपल्याला तितके नीट लागू पडत नाहीत, त्यावर एक ओळ नाही.

सगळ्यात खटकलं म्हणजे बीपी, शुगर, सिगारेट काही म्हणजे काही विचारलं नाही. अहो १९४८ला अमेरिकेत फ्रॅमिंगहॅम गावच्या लोकांवर हृदयविकाराचा अभ्यास सुरू झाला, तिथूनच तर बीपी, कोलेस्टेरॉलचं हे गणित पुढे आलं. ब्रिटनचं क्यूरिस्क३ हे हार्ट अटॅक-स्ट्रोकचा धोका काढणारं ऑनलाइन कॅल्क्युलेटर फुकट आहे, त्यात हे सगळं विचारतात, वंशात इंडियन पर्यायपण आहे, आणि पुढच्या १० वर्षांचा टक्का मिळतो, फक्त ते तिथल्या लोकांवर बेतलंय हे धरून वाचायचं. २०१६च्या एका मोठ्या अभ्यासात जेनेटिक रिस्क जास्त असलेल्यांपैकी ज्यांची राहणी चांगली त्यांचा धोका वाईट राहणीवाल्यांपेक्षा जवळपास निम्मा दिसला, हे सांगितलं तेव्हा कुठे आई जेवली.

दोन स्टार. डेटा कुठल्या लोकांचा वापरला ते विचारणारा मेल टाकलाय, उत्तर आलं की इथेच लिहीन.