आरटीएक्स ५०८०: नागपूरचे तिन्ही ऋतू काढल्यानंतर

"५०८० घेऊ का?" असं एनव्हिडियाच्या या ग्राफिक्स कार्डाबद्दल कुणी विचारलं की मी आधी मॉनिटर किती बारीक ठिपक्यांचा आहे ते विचारतो. १०८०पी असेल तर विषय तिथेच संपला. १४४०पी असेल तर थोडं बोलता येईल. फोर-के असेल तर बसा, सविस्तर सांगतो, कारण हे कार्ड खरं राबतं ते तिथेच.

आधी माझ्याकडे आठ जीबीचं ३०६० टीआय होतं आणि १४४०पीवर ते इमानेइतबारे चालत होतं. टेबलावर ३२ इंची, सेकंदाला १४४ चित्रं दाखवणारा, म्हणजे १४४ हर्ट्‌झचा फोर-के मॉनिटर आला तेव्हा त्याला धाप लागली. म्हणजे आधी मॉनिटर आणि मग कार्ड. हा क्रम मला आजही बरोबर वाटतो. उलटं करणारे दोघे-तिघे ओळखीत आहेत. त्यांची कार्डं अर्धा वेळ झोपा काढतात.

आता पैशांचं. ५०८० बाजारात आलं ३० जानेवारी २०२५ ला. अमेरिकेत ९९९ डॉलर, आपल्याकडे १,०७,००० रुपयांपासून असा भाव जाहीर झाला. सीताबर्डीतल्या दुकानदाराला तो आकडा सांगितला तर म्हणाला, "भाऊ, तो भाव पेपरातला हाय." तीन पंख्यांची मॉडेलं तेव्हा बरीच वर होती. मी भाव खाली येईपर्यंत थांबलो, तरी जाहीर किमतीपेक्षा थोडे जास्तच मोजले. बाबांनी बिल बघून एवढंच विचारलं, "याला चाकं किती?"

न्यू जर्सीतला मावसभाऊ येताना आणतो म्हणत होता. कागदावर हिशेब मांडला. ९९९ डॉलरवर तिथला विक्रीकर, वर सामानाच्या मोफत मर्यादेपलीकडे इथली कस्टम ड्युटी, आणि तिथल्या बिलावर इथे वॉरंटी मिळेल याची बहुतेक ब्रँडांकडे खात्री नाही. उरलेली बचत एवढी किरकोळ होती की त्याला कार्डाऐवजी कॉफी आणायला सांगितली.

मुख्य गोष्ट चालतं कसं. सायबरपंक २०७७ हा गेम, नेटिव्ह (न वाढवलेलं) फोर-के, पाथ ट्रेसिंग चालू, डीएलएसएस (कमी ठिपक्यांचं चित्र एआयने मोठं करणं) बंद: फ्रेमरेट, म्हणजे सेकंदाला किती चित्रं, विशीच्या आसपास रेंगाळतो. लाखाच्या वरचं कार्ड आणि वीस फ्रेम! पण पाथ ट्रेसिंगमध्ये प्रकाशाचा किरण भिंतीवर, काचेवर, ओल्या रस्त्यावर आपटत कुठे कुठे जातो हे प्रत्येक फ्रेमला नव्याने मोजावं लागतं. आजचं कुठलंच घरगुती कार्ड हे काम फोर-केमध्ये आरामात करत नाही. डीएलएसएस परफॉर्मन्सवर टाकलं की गेम आतून १०८०पीवर चालतो, चित्र फोर-केपर्यंत वाढवलं जातं आणि आपण साठच्या आगेमागे पोचतो. तिथून पुढे फ्रेम जनरेशन.

या फ्रेम जनरेशनबद्दल जाहिरातीत जे सांगत नाहीत ते सांगतो. ५०-सीरिजमध्ये मल्टी फ्रेम जनरेशन आहे, म्हणजे २एक्सवर खऱ्या एका फ्रेममागे एक बनवलेली, ४एक्सवर तीन. आकडा चौपट दिसतो. पण बनवलेल्या फ्रेमला तुमचा माऊस कळत नाही. हाताला जाणवतो तो खऱ्या फ्रेमचाच वेग. माझा मॉनिटर १४४ हर्ट्‌झचा. जी-सिंक, व्ही-सिंक आणि रिफ्लेक्स (कार्ड-मॉनिटरचा ताल जुळवणाऱ्या आणि विलंब कमी करणाऱ्या सोयी) चालू असले की ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, एकूण फ्रेमरेट १३८ च्या आसपास अडवतो. आता ४एक्स लावलं तर खऱ्या फ्रेम उरल्या जेमतेम पस्तीस. कार्डाची ताकद साठ खऱ्या फ्रेमची, आणि मीच ती पस्तीसवर आणून ठेवली! चित्र मऊसूत, हात मात्र चिखलात. २एक्सवर खऱ्या फ्रेम पन्नाशीच्या वर राहतात आणि खेळायला मजा येते. ४एक्सचा खरा उपयोग २४० हर्ट्‌झचा मॉनिटर असेल त्यालाच. त्यामुळे "आकडे चौपट" म्हणून हे कार्ड घेणार असाल तर आधी आपल्या मॉनिटरचा हर्ट्‌झ बघा.

डीएलएसएस ४ सोबत आलेलं नवं ट्रान्सफॉर्मर नावाचं एआय मॉडेल जुन्या आरटीएक्स कार्डांवरही चालतं, अगदी २०-सीरिजवरसुद्धा. चित्राचा दर्जा त्याने खरंच सुधारतो. ते तुमच्या आहे त्या कार्डावर लावून एक आठवडा खेळा. निम्म्या लोकांची खरेदीची तहान तिथेच भागेल.

बाकी गेम पटापट. रेड डेड रिडेम्प्शन २ आणि फोर्झा होरायझन ५ फोर-केमध्ये सगळं वर चढवून शंभरीपार, काही विचार करावा लागत नाही. एल्डन रिंगला मुळातच ६० फ्रेमचं कुलूप आहे, तिथे कार्ड आळसावून बसतं. व्हॅलोरंट तर प्रोसेसरचा खेळ, त्यासाठी ५०८० घेणाऱ्याला हात जोडतो. जुन्या गेमांचा एक लोचा होता: ५०-सीरिजने ३२-बिट कुडाचा (कार्डावर गणितं चालवायच्या एनव्हिडियाच्या सोयीचा) आधार काढल्यामुळे अर्कम सिटी, बॉर्डरलँड्स २ यांसारख्या गेममधलं फिजएक्स (धूर, कापड, ढिगाऱ्याच्या हालचाली मोजायचं काम) सगळं प्रोसेसरवर पडायचं आणि फ्रेमरेट कोसळायचा. डिसेंबर २०२५ च्या ड्रायव्हरमध्ये निवडक गेमांसाठी ते परत आलं.

खटकतं ते मेमरीचं. १६ जीबी. इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कलमध्ये पाथ ट्रेसिंग आणि सर्वात वरचा टेक्स्चर पूल (पृष्ठभागांच्या चित्रांसाठी राखलेली मेमरी) दोन्ही लावले की फोर-केमध्ये १६ जीबी भरून जातात आणि गेम अडखळतो. टेक्स्चर पूल खाली आणला की सुरळीत, आणि डोळ्यांना फरक शोधूनही सापडत नाही. तरी एवढ्या किमतीत सेटिंग खाली आणावं लागतं, हे मनाला लागतं. आधीच्या पिढीतल्या ४०८० मध्येही २०२२ साली १६ जीबीच होते.

आणि इथेच ५०७० टीआय या धाकट्या कार्डाचा मुद्दा येतो. तीच जीबी२०३ चिप, तेच १६ जीबी जीडीडीआर७ मेमरी, मेमरीकडे जाणारा तोच २५६-बिट बस. कुडा कोअर (गणितं करणारे भाग) ८,९६० विरुद्ध १०,७५२, वीज ३०० वॅट विरुद्ध ३६०. जाहीर भाव ८०,००० विरुद्ध १,०७,०००. प्रत्यक्ष खेळताना अंतर साधारण पंधरा टक्क्यांचं. मी घेतलं त्या आठवड्यात दुकानात दोघांमधलं अंतर आटून फार थोडं राहिलं होतं, म्हणून मी वर सरकलो. अंतर पंचवीस हजारांचं असेल तर मी डोळे मिटून ५०७० टीआय घेईन आणि वाचलेले पैसे मॉनिटरमध्ये घालेन. १४४०पीवाल्यांना तर याहून वेगळा सल्ला माझ्याकडे नाही.

आता नागपूरचा मे महिना. परदेशी परीक्षणांत हा भाग नसतो, कारण ती माणसं वीस-बावीस अंशांच्या खोलीत बसून मोजतात. खेळताना कार्ड, प्रोसेसर आणि बाकी सगळं मिळून जवळजवळ ५०० वॅट खातं, आणि ते सगळं शेवटी उष्णता होऊन खोलीतच राहतं. अर्ध्या किलोवॅटचा हीटर. जानेवारीत बरं वाटतं, मांडीवर शाल घ्यावी लागत नाही. मेमध्ये बाहेर ४४ आणि खोलीत हा हीटर. थंडीत साठीच्या थोडं वर राहणारं कार्ड मेमध्ये पंचाहत्तरला टेकतं. कार्डाला त्याचं काही नाही, त्याची सोय त्याहून वरची आहे. हाल बसणाऱ्याचे होतात.

पहिल्या उन्हाळ्यात डेझर्ट कूलरवर भागवायचा प्रयत्न केला. कूलरची हवा ओलसर आणि सोबत धूळ. कॅबिनेटच्या जाळीवर आठवड्याभरात मऊ लेप बसायचा. कॅबिनेट कूलरच्या झोतात ठेवू नका, हे विदर्भातल्या वाचकांना मुद्दाम सांगतो. शेवटी खेळायची खोली एसीवाली झाली आणि दुपारचं खेळणं बंद झालं.

खरा आराम मिळाला अंडरव्होल्टने, म्हणजे कार्ड कमी व्होल्टेजवर चालवून. आफ्टरबर्नर या सॉफ्टवेअरमध्ये व्होल्टेजची रेघ ०.९ व्होल्टच्या आसपास सपाट केली. वीज ३६० वरून २८० वॅटच्या घरात आली आणि फ्रेम गेल्या दोन-चार. पंख्यांचा आवाज निम्मा झाला. अर्ध्या तासाचं काम आहे, प्रत्येक कार्ड थोडं वेगळं वागतं, त्यामुळे एकेक पायरी उतरत जा आणि जड गेम तासभर चालवून बघा.

विजेचं बिल लोकांना वाटतं तेवढं भयंकर नाही. रोज तीन तास खेळलात तर दीड युनिट, महिन्याला ४५ च्या आसपास. मात्र महावितरणच्या बिलात घर आधीच ३०० युनिटच्या उंबरठ्यावर असेल, तर हे ४५ युनिट वरच्या स्लॅबच्या दराने पडतात, आणि एसी त्यावर वेगळा.

जास्त महत्त्वाचा यूपीएस. घरोघरी असतो तो ६०० व्हीएचा. तो साधारण ३६० वॅटच पेलतो. गेम चालू असताना वीज गेली की तो किंचाळतो आणि सगळंच घेऊन बसतो. मी हजार व्हीएच्या वरचा, शुद्ध साइन वेव्हचा घेतला. त्याचे पैसे धरा. ८५० वॅटचा एटीएक्स ३.१ पॉवर सप्लाय धरा. कॅबिनेटही मोजून घ्या; माझं कार्ड फूटभराहून लांब आणि तीन स्लॉटपेक्षा जाड आहे, खाली टेकू लावावा लागला. २०२५ च्या शेवटी रॅमचे भाव भडकले, त्यामुळे सोबत प्लॅटफॉर्मही (बोर्ड, प्रोसेसर, रॅम) बदलायचा बेत असेल तर आकडा फार वर जातो. मी जुन्या एएम४ बोर्डावरच प्रोसेसर बदलून ५७००एक्स३डी लावला. फोर-केमध्ये तेवढं पुरतं.

कार्डाला वीज देणारा कनेक्टर जळण्याबद्दल सगळे विचारतात. ती प्रकरणं ऑक्टोबर २०२२ मध्ये ४०९० पासून गाजली. ते ४५० वॅटचं कार्ड. ५०८० ची केबल ६०० वॅटसाठी बनलेली आणि ओढ ३६० ची, त्यामुळे हाताशी बरीच जागा आहे. केबल शेवटपर्यंत बसली का हे टॉर्च लावून बघितलं, आणि कनेक्टरपासून चार बोटं सरळ ठेवून मगच वळवली.

धाकटा भाऊ लग्नाचे व्हिडिओ करतो. त्याच्या कॅमेऱ्याचं १०-बिट ४:२:२ (रंगांची जास्त माहिती असलेलं) फुटेज ३०६० टीआयवर टाइमलाइनमध्ये अडकायचं, प्रॉक्सी, म्हणजे हलक्या प्रती, बनवायला रात्र जायची. ५०-सीरिजच्या ब्लॅकवेल चिपमध्ये ४:२:२ थेट हार्डवेअरवर उलगडतं. आता लग्नसराईत कार्ड माझं कमी आणि त्याचं जास्त असतं. अशी कमाई जोडलेली असेल तर वरचं सगळं गणित बदलतं, आणि भाव थोडा जास्त असला तरी घ्या म्हणेन.

राहिला सेकंडहँड ४०९० चा प्रश्न. २४ जीबी मेमरी, आणि मल्टी फ्रेम जनरेशन बाजूला ठेवलं तर बहुतेक गेममध्ये ५०८० पेक्षा वेगवान. चांगलं कार्ड आहे, पण ४५० वॅट, आणि पहिली कार्डं २०२२ ची, म्हणजे तीन वर्षांची वॉरंटी असलेल्यांची मुदत सरलेली. विकणाऱ्याकडे जीएसटी बिल असेल, त्यावरचा सिरियल नंबर कार्डाशी जुळत असेल, कनेक्टरच्या पिना काळवंडलेल्या नसतील आणि तो समोर तासभर जड गेम चालवून दाखवत असेल, तर नव्या ५०८० च्या भावापर्यंत मी जाईन. त्याच्या वर एक रुपया नाही.