कुर्तोशकालाचचे लाकडी रूळ: ओटीजीत चालतात का?

हंगेरीचा हा पोकळ गोड पाव मुळात लाकडी रुळावर पिठाची पट्टी गुंडाळून निखाऱ्यावर फिरवत भाजतात. ठाण्यात बेकिंगच्या दुकानात मिळालेले हे रूळ ओटीजीत (घरगुती विजेच्या ओव्हनमध्ये) ट्रेच्या काठांवर आडवे बसतात, तेवढं पुरतं. आधी लोणी सढळ चोळा, नाहीतर पाव सुटत नाही.

पाव किलो मैदा, ५ ग्रॅम इन्स्टंट यीस्ट, १०० मिली कोमट दूध, एक अंडं, ४० ग्रॅम लोणी, दोन चमचे साखर. इथल्या उकाड्यात पीठ पाऊण तासात फुगतं. जास्त ठेवलं की पट्टी तुटते. बोटभर पट्टी गुंडाळणं मुलांकडे द्या, पण वेढे चिकटलेले हवेत. मग दाणेदार साखरेत लोळवा, पिठीसाखरेला कुरकुरीतपणा येत नाही. २०० अंशांवर साधारण २० मिनिटं, मधूनमधून फिरवत.

काढताना पोरं लांबच. वितळलेली साखर कातडीला चिकटते. रुळांच्या मुठी आखूड, हातमोजे हवेतच.