पर्थ ते एक्समाउथ, भाड्याच्या कॅम्परव्हॅनने एकटीने

दोघांसाठीची कॅम्परव्हॅन मी एकटीसाठी घेतली, कारण दुसऱ्या माणसाची जागा माझ्या साडेसात फुटी सर्फबोर्डला लागणार होती. एप्रिलअखेर, शाळांच्या सुट्ट्या संपल्यावर, पश्चिम ऑस्ट्रेलियात, पर्थहून उत्तरेला एक्समाउथ या किनाऱ्यावरच्या गावापर्यंत. एका बाजूचं अंतर साधारण साडेबाराशे किलोमीटर. "एकटी? वाळवंटात? आणि झोपणार गाडीत?" हे आईचे तीन प्रश्न. तिन्हींना "हो" म्हटलं आणि मसाल्याचा डबा भरला.

कंपनीचं नाव लिहीत नाही. व्हॅनबद्दल मात्र बरंच सांगण्यासारखं आहे.

सगळ्यात चांगलं म्हणजे मागचं स्वयंपाकघर. मागचं दार वर उचललं की ओटा, दोन शेगड्या, छोटा फ्रिज. पण या किनाऱ्यावर दुपारनंतर दक्षिणेचा वारा असा सुटतो की गॅस पेटता राहत नाही. उपाय सोपा : गाडीचं तोंड दक्षिणेला करून लावायची. ओट्याला आडोसा मिळतो आणि डावीकडचं सरकतं दार पूर्वेला येत असल्याने संध्याकाळी तिथेच सावलीत खुर्ची टाकता येते. पहाटे ऊन थेट तोंडावर येतं, तेही सोयीचंच. सर्फिंग करायचं तर सकाळीच, वारा पडलेला असतो तेव्हा. शेगडीवर माझा तीन लिटरचा कुकर नीट बसला. पिठलं-भात बहुतेक रोज.

उष्णता हा खरा प्रश्न. एप्रिलअखेर तिशीच्या वरचं तापमान बाहेर सोसतं, बंद व्हॅनमध्ये नाही. (उन्हाळ्यात जाऊच नका. एक्समाउथच्या आखातापलीकडच्या ऑन्स्लो गावाला जानेवारी २०२२ मध्ये ५०.७ अंश नोंदले गेलेत.) खिडक्यांना जाळ्या आहेत, छताला झडप आहे, पण पंखा नाही. स्वतःचा न्या. पाय घसरू नये म्हणून बोर्डवर लावतात ते मेण पहिल्याच दुपारी वितळलं. मेणाची बाजू खाली करून जुन्या चादरीवर ठेवला आणि गाडी उभी असेल तेव्हा बाहेर, गाडीखालच्या सावलीत सरकवला. तापलेल्या गाडीत बोर्डला फुगे येतात, मग तो दुरुस्तीलाच द्यावा लागतो.

आता करार. दोन अटी नीट वाचा. पहिली : कच्च्या रस्त्यावर बंदी. म्हणजे वाटेतल्या कार्नार्व्हन गावाच्या उत्तरेचं रेड ब्लफ आणि न्यारालू, जिथल्या लाटांसाठी लोक जगभरातून येतात, ते या गाडीला बंद. मला त्याचं फार दुःख नाही. त्या लाटा उथळ प्रवाळावर फुटतात आणि माझं कौशल्य तेवढं नाही. डांबरी रस्त्याने क्वोबाच्या ब्लोहोल्सपर्यंत, म्हणजे खडकातल्या भोकांतून समुद्राचं पाणी उसळतं तिथपर्यंत, जाता येतं. तिथे "किंग वेव्ह्ज किल" (अचानक येणाऱ्या महाकाय लाटा जीव घेतात) अशी मोठी पाटी आहे. ती गंमत समजू नका.

दुसरी अट जास्त नडते : सूर्यास्त ते सूर्योदय गावाबाहेर गाडी चालवायची नाही. कारण योग्यच आहे, कांगारू आणि मोकाट गुरं. पण एक्समाउथजवळच्या केप रेंज राष्ट्रीय उद्यानातल्या ऑस्प्रे बेला मुक्काम केला की समोर निंगालूची प्रवाळरांग. लाट दूर तिथेच फुटते, किनाऱ्याशी पाणी तळ्यासारखं. पोहायला, मासे बघायला स्वर्ग, सर्फिंग शून्य. माझ्याजोग्या लाटा ड्यून्स नावाच्या किनाऱ्याला, व्लामिंग हेड दीपगृहाच्या बाजूला, तिथून तासाभराच्या अंतरावर. उजाडल्यावर निघून पोचेपर्यंत सकाळ हातची जाते. म्हणून सर्फिंगचे दिवस दीपगृहाजवळच्या कॅराव्हॅन पार्कमध्ये काढा आणि विश्रांतीचे उद्यानात. उद्यानातली जागा आधी ऑनलाइन घ्यावी लागते. तिथे पिण्याचं पाणी मिळत नाही. व्हॅनची टाकी एकटीलाही पुरत नाही, दोन कॅन वेगळे ठेवा. भांडी समुद्राच्या पाण्याने घासून फवाऱ्याच्या बाटलीने धुवायची.

तक्रार एकच, पण मोठी : फ्रिजची दुसरी बॅटरी. ती गाडी चालली तरच भरते, सौर पॅनेल नाही, त्यामुळे गाडी दीड दिवस एका जागी राहिली की फ्रिज बंद. कंपनीला फोन केला तर (त्यासाठी सिग्नल शोधत गावापर्यंत आले) उत्तर मिळालं, "रोज थोडी चालवत जा." डिझेल कोण भरणार? दही गेलं, कोथिंबीर गेली. येताना कार्नार्व्हनला छोटी, गोड केळी घेतली. तिथली गॅस्कॉइन नदी वर्षाचा बराच काळ नुसती वाळू दिसते, पाणी खालून वाहतं आणि त्यावर केळीच्या बागा उभ्या आहेत. टिकाऊ दुधाचा डबा होताच, शिकरण झालं. फ्रिजची गरज पडली नाही.

मी पाचपैकी साडेतीन देते. सौर पॅनेलवाली मिळाली तर थोडे जास्त पैसे मोजा.

आणि एक : गाडी परत घेताना त्यांनी सगळ्यात आधी सरकत्या दाराचा रूळ पाहिला, वाळू निघाली तर सफाईचे वेगळे पैसे. गाडीतल्या झाडूने ती निघत नाही. रंगकामाचा जुना ब्रश सोबत ठेवा. माझी अनामत पूर्ण परत आली.