अर्धा एचपी की एक एचपी? हौदातलं पाणी गच्चीवर चढवताना

रामबाग असो, लोकमान्य नगर असो की सुदामा नगर, इंदूरच्या कितीतरी घरांत नर्मदेचं पाणी हौदात येतं आणि पुढे ते गच्चीवरच्या टाकीत चढवायला मोटर लागते. ती जळाली की दुकानदार एक एचपीची पुढे करतो आणि घरातलं कुणीतरी विचारतं, "मग बिल दुप्पट होणार का?" नाही होणार. पण म्हणून एक एचपीच घ्या, असंही नाही.

हजार लिटर पाणी म्हणजे हजार किलो. ते दहा मीटर वर न्यायचं तर कार्य होतं १००० × ९.८ × १०, म्हणजे ९८,००० ज्यूल. मोटर कुठलीही लावा, पाण्यावर करायचं कार्य एवढंच. एचपी हे शक्तीचं माप आहे, म्हणजे कार्य किती वेगाने होतं त्याचं. एक एचपी म्हणजे ७४६ वॅट, अर्धा म्हणजे ३७३. काहीच वाया गेलं नाही असं धरलं तर मोठी मोटर टाकी सव्वादोन मिनिटांत भरेल, छोटी साडेचार मिनिटांत.

प्रत्यक्षात वाया पुष्कळ जातं: मोटर तापते, पाणी पंपात घुसळतं, पाइपात घासतं. छोट्या घरगुती पंपाची एकूण कार्यक्षमता २५ टक्के धरू. मग टाकीमागे वीज लागते ३,९२,००० ज्यूल. बिलातलं एक युनिट ३६ लाख ज्यूलचं, तेव्हा हे झालं साधारण ०.११ युनिट, ७५ वॅटचा पंखा दीड तास फिरला तरी तेवढंच. दोन्ही मोटरींची कार्यक्षमता सारखी असेल तर बिलही सारखंच. वेळ मात्र मोठीला निम्म्याच्या आसपास.

म्हणून पंपाच्या पाटीवर एचपीच्या आधी "हेड", म्हणजे पाणी चढवायची उंची, बघा. पंप किती मीटर उंचीवर किती पाणी देतो, हे तिथे लिहिलेलं असतं. हौदाच्या तळापासून टाकीच्या तोंडापर्यंतची उंची मोजा, पाइप आणि कोपरांच्या घर्षणासाठी थोडी वाढवा, आणि तो आकडा हेडच्या पट्ट्यात मधोमध येईल असा पंप निवडा. कार्यक्षमता बहुधा तिथेच चांगली असते. चार मजल्यांसाठी बनवलेला पंप एका मजल्याला लावला तर तो जास्त पाणी फेकतो, जास्त करंट ओढतो आणि तापतो. "मोठी घेतली की टिकते" हे दुकानातलं वाक्य इथे उलटं पडतं.

पाइपचंही बघावं लागतं. त्याच पाइपातून पाणी दुप्पट वेगाने ढकललं तर घर्षणाने वाया जाणारं हेड जवळजवळ चौपट होतं. जुना एक इंची पाइप तसाच ठेवून मोटर दुप्पट केली तर वेळ निम्मा होत नाही, आणि लिटरमागे वीज उलट जास्त जाते.

विहिरीतून किंवा बोअरमधून ओढायचं असेल तर गोष्टच वेगळी. वर बसवलेला पंप पाणी खेचत नाही. हवेचा दाब ते खालून ढकलतो. इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटरवर, त्यामुळे हा दाब तत्त्वतः पावणेदहा मीटरपर्यंतच पाणी चढवतो, व्यवहारात सहा-सात मीटर. पाणी त्याखाली असेल तर वर पाच एचपीचा बसवला तरी कोरडाच फिरेल. तिथे सबमर्सिबल, म्हणजे पाण्यात बुडवून बसवायचा पंप, हवा.

तळमजला आणि वर एक मजला, हौद घरातच, सकाळी घाई नाही: अर्धा एचपी घ्या, उरलेल्या पैशांत चांगला फूट व्हॉल्व्ह, म्हणजे पाइपाच्या तळाशी पाणी परत जाऊ न देणारी झडप, बसवा. तीन-चार मजले, भाडेकरू आणि दोन टाक्या असतील तर एक एचपी, पण पाइप सव्वा इंची करून. आणि कुठलीही घेतलीत तरी नळाच्या लाइनला थेट जोडू नका. त्याने शेजारच्या काकूंचा नळ कोरडा पडतो.